सासूबाईंचे पाढे

ती वही मी सासूबाईंच्या विरोधात लिहायला घेतली होती, हे आधीच कबूल करून टाकते. पुढे लोकांनी माझं कौतुक केलं, इंदूरच्या डॉक्टरांनी वहीच्या पानांचे फोटो काढून घेतले, माहेरी भुसावळला माझ्या आईने शेजारणींना सांगून सांगून त्यांचे कान किटवले. पण मुळात ती वही होती पुराव्याची. पहिल्याच पानावर माझ्या घाईच्या अक्षरात लिहिलंय, 'साडेसात. मी समोर जाऊन बसले. बावीसच्या पाढ्याला थांबल्या, तोंड फिरवून आत गेल्या.' खाली पेन रुतवून दोन रेघा मारल्यात, इतका राग आला होता.

आमचं घर बुऱ्हाणपूरला, राजपुऱ्यात. सासरे कागदाच्या मिलमधून रिटायर झालेले. सासूबाई मिलच्या कॉलनीतल्या शाळेत गणित शिकवून रिटायर झालेल्या. नवरा केळीच्या धंद्यात, बहादरपुरच्या रस्त्याला त्याचं केळी पिकवायचं कोल्ड, म्हणजे कोल्ड स्टोरेज, आहे. मी बारावीच्या मुलांना बायोलॉजी शिकवते. घरात माणसं चारच, त्यामुळे कोणाचा चेहरा कधी उतरला ते भिंतीलाही कळतं.

या घराची एक पद्धत होती. संध्याकाळी देवाजवळ दिवा लावला, हात जोडले, की सासूबाई दारापुढच्या ओट्यावर खुर्चीत बसून पाढे म्हणायच्या. बेपासून तीसपर्यंत, मोठ्याने, एकही न गाळता. तीस वर्षांची सवय, शाळा सुटली तरी ती काही सुटली नाही. "देवाला पाढे येत नाहीत का, त्याला कशाला ऐकवते?" असं सासरे चिडवायचे. "तुम्हाला येत नाहीत म्हणून ऐकवते," असं त्या म्हणायच्या. लग्न होऊन मी आले त्याच आठवड्यात मला समोर बसवलं आणि म्हणाल्या, "एकोणीसचा म्हण." मी एकोणीस सातेला अडकले. एम.एस्सी. झालेली बाई, नवी साडी, हातात हिरवा चुडा, आणि घामाघूम. त्यांच्या चेहऱ्यावरची रेघ हलली नाही. फक्त म्हणाल्या, "परत."

राग माझ्या नाकावरच असतो, तेव्हा त्या 'परत'ला मी कधी विसरले नाही. त्यात लग्नाच्या रिसेप्शनचा फोटो. सगळे हसताहेत आणि मधोमध सासूबाई, एक डोळा अर्धा मिटलेला, ओठ सरळ, कोणी जबरदस्तीने उभं केल्यासारख्या. भुसावळला तो फोटो पाहून माझी मावशी म्हणाली होती, "सासूला सून पसंत दिसत नाही बाई." ते वाक्य मी माहेराहून आणलेल्या भांड्यांसोबत सासरी घेऊन आले.

आणि खरंच तसंच वाटायचं. सकाळी सासूबाई साध्यासरळ. "चहा ठेवलाय, पिऊन जा," "छत्री घेतली का," सगळं नीट. संध्याकाळी मी शाळेतून यायची तर ह्या गप्प. विचारलं तर एका शब्दात उत्तर, तेही नाकातून. माझ्या हातची भाजी दोन घास खाऊन ताट सरकवायच्या. दोन वर्षं मी हे गिळलं. मग एक दिवस नवऱ्याला सांगितलं, "अहो, सकाळची सासू वेगळी आणि संध्याकाळची वेगळी. मला पाहिलं की पाढे पण अर्धवट सोडतात. मला नाही राहायचं इथे, वेगळी खोली बघा."

नवरा माणूस धंद्यातला. त्याला भांडण नको असतं, वेळ हवा असतो. तो म्हणाला, "रोज होतं म्हणते ना? मग लिहून ठेव एक महिना. कुठल्या पाढ्याला थांबली, कधी थांबली. मग बोलू." त्याला वाटलं मी चार दिवसांत कंटाळेन. त्याला अजून बायको नीट कळलेली नव्हती.

मी महिनाभर लिहिलं. संक्रांतीच्या सुमाराची गोष्ट. बावीस, एकवीस, बावीस, एकोणीस. दर रविवारी सव्वीस नाहीतर सत्तावीस. मग पुन्हा वीस. महिना संपल्यावर मी आरोपपत्र तयार करायला बसले आणि तिथेच फसले. मला पाहून थांबत असत्या, तर रविवारी सगळ्यात आधी थांबायला हव्या होत्या, कारण रविवारी मी दिवसभर घरी. उलट रविवारी त्यांची गाडी लांब जात होती. रविवारी दोन्ही वेळचा स्वयंपाक माझ्याकडे असतो आणि त्या दुपारी दोन तास झोपतात, एवढाच काय तो फरक. मधले तीन दिवस मी भुसावळला होते, ते आकडे नवऱ्याने फोनवर दिले होते. मी घरातच नव्हते, तरी त्या अठराला थांबल्या होत्या.

मुलांना मी सांगते की प्रयोगात आपल्याला हवं ते उत्तर आलं नाही तर उत्तराला शिव्या देऊ नका, प्रश्न बदला. स्वतःवर आलं तेव्हा ते जड गेलं.

मी प्रश्न बदलायच्या आधी त्यांच्या घशानेच बदलला. एका संध्याकाळी त्या पाणी प्यायल्या आणि ते नाकातून बाहेर आलं. खोकला थांबेना. सासऱ्यांनी पाठ चोळली. थोड्या वेळाने त्या पदराने नाक पुसत म्हणाल्या, "काही नाही, घाईत प्यायले." पण आवाज इतका नाकातून की मला अर्धंच कळलं. त्या दिवशी मी त्यांच्याकडे पहिल्यांदा नीट पाहिलं. ब्लाउजच्या बाह्या ढिल्या झाल्या होत्या. माझी भाजी त्यांना आवडत नव्हती असं नाही, ती त्यांना गिळताच येत नव्हती. मला स्वतःची इतकी लाज वाटली की मी आत जाऊन उगाच स्वयंपाकघरातला ओटा पुसत राहिले.

मग सुरू झाले डॉक्टर. आता आमच्याकडे डॉक्टरकडे जाण्याचीही एक पद्धत आहे, ती सांगायलाच हवी. रोगी माणसाला आधी नटवतात. डॉक्टरकडे जायचं म्हणून आदल्या दिवशी काम नाही, रात्री लवकर झोप, सकाळी आंघोळ, इस्त्रीची साडी, केसांना तेल. नंबर सकाळचा पहिला. सासूबाई तर मास्तरीण, त्यांना डॉक्टरसमोर इन्स्पेक्शनला बसल्यासारखं ताठ बसायची सवय. डोळ्याच्या डॉक्टरांनी वय झालंय म्हटलं. इंदूरला पहाटे चारला निघालो, गाडीत मागच्या सीटवर त्या उशी घेऊन झोपल्या, दहाला ताज्यातवान्या आत गेल्या. तिथल्या न्यूरॉलॉजिस्ट, माझ्याच वयाच्या बाई, त्यांनी हात वर करायला लावले, चालवलं, बोलतं केलं. सासूबाईंनी खणखणीत उत्तरं दिली. डोक्याचा फोटोही साफ. "मांजी, अभी तो कुछ पकड़ में नहीं आ रहा," असं त्या म्हणाल्या. परत आल्यावर गावातल्या एका डॉक्टरांनी सांगितलं की रिटायर झाल्यावर बायकांना होतं असं, मनाचं आहे, आणि मन शांत राहायची गोळी लिहून दिली. त्या गोळीनंतर आकडा पंधरावर आला. मी वहीत लिहीतच होते, आता कशासाठी ते मला माहीत नव्हतं, पण हात थांबेना.

"मनाचं" हा शब्द घरात बसला की मग माणसाचं कोणी ऐकत नाही. नवरा म्हणायला लागला, "मम्मी, टेन्शन नको घेऊ." सासूबाई त्याच्याकडे नुसत्या बघत राहायच्या. त्यांना सांगायचं असेल खूप काही, पण संध्याकाळी सांगायला आवाज नव्हता आणि सकाळी सांगितलं तर चांगल्या तर दिसताय, असं सगळे म्हणायचे. मला एकच भीती धरून बसली होती: ह्यांचं बोलणं आणि गिळणं पुरतं जायच्या आत हे काय आहे ते सापडलं पाहिजे.

अशात एका दुपारी सासऱ्यांच्या हाती ती वही लागली. मी शाळेतून आले तर ते चष्मा नाकावर घेऊन पहिलं पान वाचत होते. तोंड फिरवलं, फटकून बोलल्या, ताट सरकवलं, सगळं त्यात होतं. त्यांनी पानं उलटत शेवटपर्यंत नेली आणि म्हणाले, "हे रजिस्टर तू ठेवून राहिली?"

"हो बाबा," मी म्हटलं.

"आखणी बराबर नाही," ते म्हणाले. "तारखेच्या पुढे टाइम, मग दुपारी झोपली की नाही ते, मग पाढा. असं उभं आखायचं, मग वाचता येतं." आणि फूटपट्टी घेऊन त्यांनी स्वतः रकाने आखायला घेतले. आखता आखता म्हणाले, "मिलमध्ये माझं काम काय होतं सांगू? कागदाची पट्टी दोन चिमट्यांत धरायची आणि तुटेपर्यंत ओढायची. कितीला तुटली तो आकडा लिहायचा. कागद नुसता हातात घेऊन त्याची ताकद नाही कळत, सगळे कागद सारखेच गुळगुळीत दिसतात. आपण तुझ्या सासूला न ओढताच डॉक्टरला दाखवून आलो."

इतके दिवस मी आकडे लिहीत होते आणि त्या आकड्यांचा अर्थ घरातच खुर्चीत बसून पेपर वाचत होता. सकाळी पट्टी ताणलेलीच नसते. संध्याकाळी दिवसभर ताणून ती तुटते, आणि कितव्या पाढ्याला तुटली तो आकडा माझ्याकडे रोजचा लिहिलेला. माझ्या अंगात वारं शिरलं. तेव्हापासून ती वही आम्हा दोघांची झाली.

मे उजाडला. बुऱ्हाणपूरचा मे म्हणजे काय सांगावं, नळाचं पाणी भाजतं. आकडा घसरत घसरत अकरावर आला. एक दिवस सकाळपासून लाइट गेलेली, सासूबाई ओला पंचा डोक्यावर घेऊन पडलेल्या, डावा डोळा पुरता मिटलेला, हनुवटीला हाताचा टेकू, कारण मान धरवेना. नवरा म्हणाला, "चला, सगळे कोल्डवर चला. तिथे जनरेटर आहे." आम्ही त्यांना गाडीत घालून बहादरपुरच्या रस्त्याला नेलं.

केळी पिकवायच्या खोलीत छान गारवा असतो. सासूबाईंना आम्ही आत क्रेटजवळ स्टुलावर बसवलं आणि दार लोटून मी बाहेर नवऱ्याशी बोलत उभी राहिले. पंधराएक मिनिटं झाली असतील. आतून आवाज आला, चांगला वर्गाच्या शेवटच्या बाकापर्यंत पोचेल असा. "अरे ए, खालचे क्रेट दबून राहिले ना. केळी काळी पडली तर कोण घेईल?" हमाल गडबडून क्रेट उचलत होते. मी आत धावले. सासूबाई उभ्या होत्या, मान सरळ, दोन्ही डोळे सताड उघडे, बोट क्रेटकडे. दुपारचे साडेतीन वाजले होते. त्या वेळेला त्यांच्या तोंडून असा खणखणीत शब्द निघाल्याला कितीतरी आठवडे झाले होते.

"आई," मी म्हटलं, "पाढे म्हणा."

"इथे?"

"इथेच. म्हणा."

केळीच्या खोलीत, हमालांसमोर, त्यांनी पाढे म्हटले. माझा नवरा दारात उभा राहून बघत होता की दोघींपैकी नक्की कोणाचं डोकं फिरलंय. अकरा गेला, पंधरा गेला, वीस गेला. चोविसाला आवाज नाकात शिरला. मी क्रेटवर ठेवलेल्या मालाच्या चलनाच्या पाठीमागे आकडा लिहिला.

घरी आल्यावर, लाइट आल्यावर, फ्रीजमधला बर्फ रुमालात बांधून मी त्यांच्या मिटलेल्या डोळ्यावर धरला. घड्याळ सासऱ्यांच्या हातात. दोन मिनिटं. रुमाल काढला तर पापणी वर. पाच-सात मिनिटांनी पुन्हा खाली. पुन्हा बर्फ, पुन्हा वर. सासरे म्हणाले, "तीनदा घे. मिलमध्ये एका वाचनावर कोणी सही नाही करत." तीनदा घेतलं. तिन्हीदा तेच. सासूबाई म्हणाल्या, "माझा डोळा आहे, स्विच नाही," पण त्याही हरखल्या होत्या, कारण चौथ्यांदा त्यांनीच रुमाल पुढे केला.

आणि मग मला आठवलं आणि मी स्वतःच्याच कपाळावर हात मारून घेतला. नस आणि स्नायू. दर वर्षी मी ते चित्र फळ्यावर काढते. नस स्नायूला चिकटलेली नसते, मध्ये बारीक फट असते. मेंदूचा हुकूम आला की नस त्या फटीत एक रसायन सोडते, स्नायूवर ते झेलायच्या जागा असतात, झेललं की स्नायू हलतो. नाव लिहा, बाण काढा, तीन मार्कांना येतं, असं मी मुलांवर खेकसते. पुस्तकात खाली बारीक अक्षरात एक चौकट असते, कधी परीक्षेला येत नाही म्हणून मी दर वर्षी वगळते. त्यात लिहिलेलं असतं की एका आजारात शरीराची राखण करणारी फौजच चुकून त्या झेलायच्या जागा मोडून टाकते. सुरुवातीचे हुकूम पोचतात, पुढचे पोचत नाहीत. विसावा घेतला की परत पोचतात. गारव्यात ते रसायन लवकर मोडत नाही, फटीत जरा जास्त टिकतं. मायस्थेनिया ग्रॅव्हिस. वगळलेली चौकट माझ्या घरात रोज संध्याकाळी खुर्चीत बसून पाढे म्हणत होती.

मी त्या दिवसांत काय काय वाचलं ते विचारू नका. कुकरच्या शिट्ट्या मोजायच्या राहायच्या, डाळीचं पिठलं व्हायचं. हा आजार बहुतेकांना आधी डोळ्यांत दिसतो, मग चेहऱ्यात, घशात, मानेत, आणि आवरला नाही तर श्वासापर्यंत जातो. त्या शेवटच्या शब्दाशी आले की मी भीतीने पुस्तक मिटून ठेवायची. पण खरं सांगू, सोबत एक आनंदही होता, सापडल्याचा आनंद, आणि तो लपवावा असं मला वाटलं नाही. मला प्रश्न पडला की हा सुरू कधी झाला? वही तर संक्रांतीपासूनची. त्याआधीचं कुठे लिहिलेलं असणार?

लिहिलेलं होतं. माझ्याच कपाटात, मखमली कव्हरच्या अल्बममध्ये.

मी आणि सासरे अल्बम घेऊन बसलो आणि लग्नाचे फोटो वेळेप्रमाणे लावले. सकाळची हळद: सासूबाई तोंड भरून हसताहेत, माझ्या गालाला हळद लावताना दोन्ही डोळे टपोरे. असा फोटो आहे हे मी विसरूनच गेले होते. दुपारची पंगत: हसू आहे, पण एका बाजूने. संध्याकाळ: डावी पापणी खाली यायला लागलेली. रात्रीचं रिसेप्शन: तोच तो फोटो. अर्धा डोळा, सरळ ओठ. पहाटेपासून उभी असलेली बाई, चेहऱ्याचे स्नायू थकून गेलेले, हसायचा हुकूम वरून सुटत असेल पण पोचत नव्हता.

अडीच वर्षं मी त्या फोटोवर राग धरला होता. सासऱ्यांसमोर मला रडू फुटलं. त्यांना वाटलं मी घाबरले, म्हणून ते म्हणाले, "अरे, आता तर सापडलं ना, आता कशाला रडून राहिली?"

इंदूरला फोन केला आणि शेवटचा, संध्याकाळचा नंबर मागितला. फोनवरचा माणूस म्हणाला, "शाम का? लोग तो सुबह का माँगते हैं." मी म्हटलं, "हमें शाम का ही चाहिए, और जितनी देर से हो उतना अच्छा." मग मी बेत सांगितला आणि घरात वादळ उठलं. दुपारची झोप नाही, उशी नाही, गाडीत एसी नाही, वाटेत मी त्यांच्याशी सारखी बोलणार आणि त्यांनी सारखं उत्तर द्यायचं. "आजारी बाईला छळून नेणार?" नवरा म्हणाला. मी म्हटलं, "हो. एक दिवस छळू द्या. आणि बर्फाचा डबा पायाशी असेल, श्वासाचा जराही त्रास वाटला तर गाडी सरळ दवाखान्यात." सासूबाई सगळं ऐकत होत्या. त्या म्हणाल्या, "जाऊ द्या तिला. परीक्षा माझी आहे ना?" साडी मात्र त्यांनी इस्त्रीचीच नेसली, तिथे कोणाचं काही चाललं नाही.

इंदूरच्या वाटेवर घाटात त्यांचा आवाज जायला लागला. वेटिंगमध्ये मी त्यांना पाढे सुरू करायला लावले. समोर बसलेले खरगोनकडचे एक आजोबा आधी हसले, मग सोबत हिंदीत म्हणायला लागले, मग त्यांच्या सूनबाई. आठाच्या पाढ्याला सासूबाईंचा आवाज गेला, नवाला पापणी गेली, दहाला मान. तेव्हाच आमचं नाव पुकारलं. मी त्यांना धरून आत नेलं आणि डॉक्टर बाईंनी नुसती मान वर करून पाहिलं, हातातलं पेन खाली ठेवलं आणि उठून उभ्या राहिल्या. "ये वही मांजी हैं?"

मी वही पुढे ठेवली. रकाने आखलेली, दुपारची झोप, पाढ्याचा आकडा, गारव्यातलं वाचन, बर्फाची तीन वाचनं, मागे फोटो वेळेप्रमाणे चिकटवलेले. त्या पान पान वाचत गेल्या. विचारलं, "पहाड़े से नापा आपने?" मी म्हटलं, "जी." त्या म्हणाल्या, "हम भी यही करते हैं, गिनती बुलवाते हैं. पर पाँच महीने रोज़ कोई नहीं बुलवाता." पहिली गोष्ट त्यांनी ती मन शांत राहायची गोळी बंद केली. या आजारात ती उलट स्नायू ढिले करते, म्हणाल्या. मग नसेला बारीक झटके देऊन तपासणी झाली. पडद्यावर पहिली रेघ उंच, पुढची कमी, त्यापुढची आणखी कमी. मी ते बघताना नवऱ्याचा हात इतका आवळला की त्याने "अगं" म्हटलं. माझे पाढेच होते ते, फक्त मशीनने काढलेले. रक्ताचा रिपोर्ट आठवड्याने आला, त्यातही तेच निघालं.

औषधाने जादू झाली असं मी म्हणणार नाही. तासांवर बांधलेल्या गोळ्या, पोटात मुरडा, दुसऱ्या औषधाने साखर वाढली, पावसाळ्यात एकदा ताप आला आणि आकडा पुन्हा तेराला आपटला. दुसरं कुठलंही औषध आणलं की आधी इंदूरला फोन. डॉक्टर बाई म्हणाल्या होत्या की हा जात नाही, याला सांभाळायचं असतं. पण पाणी नाकातून यायचं थांबलं. ताट रिकामं व्हायला लागलं. वहीत आकडे चढत होते, सोळा, एकोणीस, तेवीस, आणि सासरे दर रविवारी त्या आकड्यांच्या आलेखाची रेघ काढून भिंतीवर लावत होते, मिलमध्ये लावायचे तशी.

दिवाळीच्या फराळाचे दिवस होते. मी चकल्या तळत होते, दिवा लागला होता, आणि ओट्यावरून पाढे ऐकू येत होते. सव्वीस झाला, सत्तावीस झाला. मी गॅस बारीक केला. एकोणतीस. सासऱ्यांनी पेपर खाली ठेवला. "तीस दाहे तीनशे," असं म्हणून सासूबाई थांबल्या.

मग त्यांनी हाक मारली, "वही आण इकडे."

मी म्हटलं, "मी लिहिते ना आई, तीस."

"आण म्हटलं."

त्यांनी पहिलं पान उघडलं. आजवर मी त्यांना त्या वहीची मागचीच पानं दाखवली होती. त्या वाचत गेल्या. तोंड फिरवलं, फटकून बोलल्या, ताट सरकवलं. मी पिठाचे हात तसेच घेऊन समोर उभी. शेवटी म्हटलं, "आई, मला वाटायचं तुम्हाला मी पसंत नाही."

त्या म्हणाल्या, "आणि मला वाटायचं, माझं तोंड वाकडं होऊन राहिलंय म्हणून तू टक लावून बघते. म्हणून मी उठून आत जायची."

मग चष्म्याच्या डबीतून त्यांनी लाल पेन काढलं. शाळा सुटली तरी ते पेन काही सुटलं नाही. माझ्या त्या दोन रुतलेल्या रेघांच्या खाली, गोल, मास्तरी अक्षरात त्यांनी लिहिलं, 'निरीक्षण चांगले. निष्कर्ष चुकीचा.' खाली सही केली आणि वही मला परत दिली.

"आता तू," त्या म्हणाल्या. "एकोणीसचा म्हण."

मी म्हणायला लागले. एकोणीस सक एकशे चौदा, एकोणीस साते, आणि थांबले. अडीच-तीन वर्षांनी, त्याच जागी. मी वर पाहिलं. त्या हसत होत्या, तोंड भरून, दोन्ही डोळे टपोरे, हळदीच्या फोटोतल्यासारख्या.

"परत," त्या म्हणाल्या.

मागे भिंतीवर घड्याळ होतं. संध्याकाळचे आठ वाजले होते.